लघवीची नळी घरी सांभाळताना

प्रोस्टेट वाढून लघवी अडली, मणक्याला मार लागून मूत्राशयाची ताकद गेली किंवा मोठ्या ऑपरेशननंतर काही दिवस उठता येणार नसलं, की लघवीची नळी म्हणजे कॅथेटर घालून रुग्णाला घरी सोडतात. डिस्चार्ज कार्डावर ‘कॅथेटर केअर’ एवढंच लिहिलेलं असतं. ती करायची कशी, हे सांगायचं घाईत राहून जातं. काम अवघड नाही. तीन गोष्टी धरून ठेवायच्या: मूत्राशयापासून पिशवीपर्यंतची वाट बंद राहिली पाहिजे, तिला सतत उतार मिळाला पाहिजे आणि नळीला कुठेही ओढ बसता कामा नये. घरी जे बिघडतं त्यातलं बरंचसं या तिघांपैकी एक चुकल्यामुळे बिघडतं.

नळी ओळखून घ्या

मूत्रमार्गातून घालतात ती फोली कॅथेटर. फ्रेडरिक फोली या अमेरिकी युरॉलॉजिस्टवरून हे नाव पडलं. बाहेरच्या बाजूला तिला दोन फाटे असतात. रुंद फाट्याला पिशवी जोडलेली असते. अरुंद फाट्याच्या टोकाला रंगीत झडप असते आणि तिच्यातून आतला छोटा फुगा पाण्याने फुगवलेला असतो. नळी आत टिकते ती या फुग्यामुळे, वरच्या चिकटपट्टीमुळे नव्हे. रंगीत झडपेला घरी कुणी हात लावायचा नाही आणि नळी कधीही कापायची नाही. कापली की फुग्यातलं पाणी सुटून उरलेला तुकडा आत सरकू शकतो.

झडपेच्या रंगावरून जाडी कळते: १२ नंबर पांढरा, १४ हिरवा, १६ केशरी, १८ लाल. नंबराला तीनने भागलं की बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. म्हणजे १६ नंबरची नळी साधारण ५.३ मिलिमीटर जाड. ही माहिती वरवर निरुपयोगी वाटते, पण रात्री-अपरात्री नळी बंद पडली की डॉक्टर हेच विचारतात. म्हणून एका कागदावर नंबर, लॅटेक्स की सिलिकॉन, फुग्यात किती मिलिलिटर पाणी (साधारणपणे ५ ते १०, काही ऑपरेशननंतर ३०), घातल्याची तारीख आणि बदलण्याची तारीख लिहून पलंगाजवळ लावून ठेवा. फुग्यातल्या पाण्याचा आकडा खास महत्त्वाचा. नळी काढताना तेवढं पाणी परत आलं नाही, तर फुगा पूर्ण रिकामा झालेला नाही हे त्यावरूनच कळतं.

लॅटेक्सची नळी तिच्यावरच्या लेपानुसार दोन ते चार आठवडे, तर पूर्ण सिलिकॉनची १२ आठवड्यांपर्यंत ठेवता येते. नेमका काळ पाकिटावर छापलेला असतो. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगायला हवं.

पिशवी कुठे टांगायची

मूत्राशय ओटीपोटात असतं. पिशवी कायम त्याच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. पलंगाच्या दांड्याला अडकवताना पिशवीचा खालचा तोटीचा भाग जमिनीपासून निदान वीतभर वर राहील असं बघा. खाली-वर होणाऱ्या कठड्याला पिशवी लावू नका. कठडा वर केला की तीही वर जाते आणि पिशवीतली लघवी उलटी वाहू शकते. बऱ्याच पिशव्यांना उलट प्रवाह रोखणारी झडप असते, पण वरच्या लांब नळीत साचलेली लघवी त्या झडपेच्या अलीकडेच असते. ती थेट मूत्राशयात परतते.

रुग्णाला कूस बदलून देताना, खुर्चीत बसवताना, गाडीत नेताना ही चूक हमखास होते. आधी पिशवी रिकामी करायची, मग हलवायचं. क्षणभर वर उचलावीच लागली तर नळी बोटांनी चिमटीत धरायची आणि खाली आणताच सोडायची. रुग्ण चालत असेल तर पिशवी हातात, पण कमरेच्या खाली धरावी. चाकाच्या खुर्चीवर ती बैठकीखाली अडकवावी, चाकात अडकणार नाही अशा बेताने.

पिशवीची लांब नळी मध्येच लोंबून तिचा झोळ झाला, तरी लघवी तिथेच थांबते. जास्तीची नळी गादीवर सपाट ठेवून तिथून सरळ खाली सोडा. ती मांडीवरून न्यावी, मांडीखालून नव्हे. अंगाखाली दबलेली नळी बंद तर पडतेच, शिवाय तासन्‌तास एकाच जागी रुतून कातडीला जखम करते.

ओढ बसू देऊ नका

नळी मांडीला चिकटपट्टीने किंवा मऊ पट्ट्याने बांधायची. पुरुषांत मांडीच्या वरच्या भागावर किंवा ओटीपोटावर, बायकांत मांडीच्या आतल्या बाजूला. पाय पूर्ण पसरल्यावरही नळी ताणली जाणार नाही एवढा ढिलेपणा ठेवा. पट्टीची बाजू रोज बदला. पट्टा पायाभोवती करकचून आवळू नका. त्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत.

याचा कंटाळा केला जातो आणि तिथेच खरं नुकसान होतं. दोन लिटरची भरलेली पिशवी म्हणजे दोन किलोचं वजन. ते नळीवर लटकलं की आतला फुगा मूत्राशयाच्या तोंडावर दाबला जातो. मग कळा येतात, रक्त येतं, नळीच्या बाजूने लघवी झिरपते. बाहेर नळीचा दाब एकाच जागी राहिला तर शिश्नाचं टोक हळूहळू चिरत जातं. ज्याला तिथली संवेदनाच नाही तो रुग्ण तक्रारही करत नाही, म्हणून रोजच्या सफाईत ती जागा डोळ्यांनी पाहायची.

रोजची सफाई

दिवसातून एकदा-दोनदा आणि प्रत्येक शौचानंतर. आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. मग साधा साबण, पाणी आणि स्वच्छ मऊ कापड एवढंच पुरतं. नळी जिथून बाहेर येते तिथे ती एका हाताने हलकेच धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसत या. उलट दिशेने कधीही नाही. बायकांत पुढून मागे पुसायचं. पुरुषांत पुढची कातडी मागे घेऊन आतला पांढरट थर धुवायचा आणि कातडी परत पुढे आणायचीच. ती मागेच राहिली तर काही तासांत टोक सुजतं, कातडी अडकून बसते आणि रुग्णाला तातडीने दवाखान्यात न्यावं लागतं. दुसऱ्याच्या हातून सफाई होते तेव्हा हा प्रकार जास्त घडतो.

जंतुनाशक द्रव, पावडर, प्रतिजैविकाचं मलम यांतलं काहीही रोज लावायची गरज नाही. त्याने संसर्ग कमी होत नाही आणि कातडी मात्र चिडते. नळीभोवती थोडा चिकट स्राव वाळून खपली धरली असेल तर ती कोमट पाण्याने भिजवून काढा. पिवळा-हिरवा पू, सूज किंवा दुखणं असेल तर दाखवायला हवं. उभ्याने किंवा बसून आंघोळ करायला हरकत नाही. पिशवी काढू नये.

पिशवी रिकामी करणं आणि बदलणं

पिशवी अर्धी ते दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. हात धुवा, रुग्ण स्वतः करणार नसेल तर हातमोजे घाला. खाली मापाचं भांडं धरा, तोटी उघडा. तोटीचं टोक भांड्याला टेकता कामा नये, कारण भांड्यावरचे जंतू वर चढायला तीच शिडी. लघवी संपली की तोटी बंद करा, टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, किती मिलिलिटर झाली ते लिहा आणि पुन्हा हात धुवा. भांडं धुऊन पालथं वाळवा. घरात नळी असलेले दोन रुग्ण असतील तर भांडी वेगळी ठेवा.

तोटी उघडणं आणि नळीचा सांधा उघडणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नळी आणि पिशवी यांचा सांधा पिशवी बदलण्याव्यतिरिक्त कधीही उघडायचा नाही. रिकामी करता येणारी पिशवी साधारण आठवड्याने बदलतात. गळली, घाण झाली किंवा सांधा सुटला तर लगेच. बदलताना नव्या पिशवीची तोटी आधी बंद आहे ना ते बघा. नळी चिमटीत धरा, जुन्या पिशवीचं टोक हलकेच फिरवत सोडवा, नळीचं तोंड स्पिरिटने पुसा, नव्या पिशवीचं टोपण काढा आणि टोकाला बोट न लावता सरळ घट्ट बसवा. चिमटी सोडली की लघवी वाहताना दिसली पाहिजे. निघालेली पिशवी धुऊन परत वापरू नका.

दिवसा पायाला बांधायची छोटी पिशवी असेल तर रात्री ती काढायची नसते. तिच्या खालच्या तोटीला रात्रीची मोठी पिशवी जोडायची आणि मधली तोटी उघडी ठेवायची. वरचा सांधा तसाच बंद राहतो. मधली तोटी उघडायला विसरलात तर पहाटे अंथरूण ओलं आणि मोठी पिशवी कोरडी.

काहींना पिशवीऐवजी नळीच्या टोकाला झडप दिलेली असते. ती तीन-चार तासांनी उघडून लघवी सोडायची. भान नसलेल्या, हाताची पकड गेलेल्या किंवा मूत्रपिंडं सुजलेल्या रुग्णाला ही सोय चालत नाही. म्हणून डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय ती घेऊ नका.

पाणी आणि पोट

हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात जावा. लिटर मोजण्यापेक्षा पिशवीच्या वरच्या नळीतला रंग बघणं सोपं: फिकट पिवळा हवा. रंग पिशवीत नव्हे, नळीत बघायचा. पिशवीत तासन्‌तास साठलेली लघवी गडदच दिसते.

बद्धकोष्ठ हा नळीचा छुपा शत्रू. गुदाशयात मळाचा गोळा बसला की तो मूत्राशयावर आणि नळीवर दाबतो. नळी बंद पडते किंवा बाजूने गळते. नळी बदलूनही गळणं थांबत नाही, तेव्हा पोट कधी साफ झालं होतं हे आधी विचारा.

पिशवीत लघवी येत नाही

घाबरण्याआधी याच क्रमाने बघा. नळी कुठे मुडपली आहे का, अंगाखाली आहे का? पिशवी मूत्राशयाच्या खाली आहे का? ती पूर्ण भरून फुगली आहे का? रुग्णाला कुशीवर वळवा किंवा शक्य असल्यास बसवा. कधीकधी नळीची भोकं मूत्राशयाच्या भिंतीला चिकटून बसतात आणि हलवताच सुटतात. इतकं करून लघवी आली नाही, तर ओटीपोटावर हात ठेवा. पोट फुगलेलं, टणक, दाबल्यावर दुखतं आहे आणि रुग्ण अस्वस्थ आहे, तर नळी बंद पडली आहे. लगेच निघा. दुखत नसलं तरी दोन ते चार तास एक थेंबही आला नाही तर थांबू नका. संवेदना गेलेल्यांना कळ येतच नाही.

५० मिलिलिटरच्या सिरिंजने सलाईन सोडून नळी धुणं हे फक्त ज्याला सिस्टरांनी हातात हात धरून शिकवलंय त्यानेच करावं. जोर लावून धुतलं तर अडकलेला गाळ आत जातो आणि तुंबलेलं मूत्राशय आणखी ताणलं जातं.

पोट मऊ आहे, कळ नाही आणि तरीही लघवी कमी, असंही होतं. मग अडथळा नळीत नसून मूत्रपिंडंच कमी लघवी करत असतील. उलट्या, जुलाब, ताप, पाणी कमी जाणं ही नेहमीची कारणं. मोठ्या माणसाला तासाला दर किलो वजनामागे साधारण अर्धा मिलिलिटर लघवी व्हायला हवी. ६० किलोच्या माणसाला तासाला ३०. सलग सहा तास याहून कमी किंवा दिवसभरात ४०० मिलिलिटरहून कमी झाली तर ती मूत्रपिंडाची तक्रार समजून दाखवा. यासाठीच लघवी मोजून वही ठेवायची.

उलटही घडतं. बरेच दिवस तुंबलेली लघवी नळीने मोकळी झाली की पुढचा दिवसभर मूत्रपिंडं धबाधबा लघवी सोडतात. सलग दोन तास तासाला २०० मिलिलिटरहून जास्त किंवा २४ तासांत तीन लिटरहून जास्त झाली तर शरीरातलं पाणी आणि क्षार निसटत आहेत. हे घरी भरून काढायचं काम नव्हे.

काही रुग्णांत नळी पुन्हा पुन्हा बंद पडते. त्यामागे बहुधा प्रोटिअस जातीचे जंतू असतात. ते लघवीतल्या युरियापासून अमोनिया करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि क्षारांचे खडे नळीच्या भोकांवर साचतात. काढलेली नळी बोटांत फिरवली की वाळूसारखी खरखर लागते. अशांनी नळी किती दिवसांनी बंद पडली त्याच्या तारखा लिहाव्यात. तीन-चार वेळांत अंदाज येतो, मग बंद पडायच्या दोन-तीन दिवस आधीच बदलून घेता येते. सोबत मूत्राशयात खडा नाही ना, हेही तपासून घ्यावं.

बाजूने गळतंय

पिशवीत लघवी येत नाही आणि बाजूने येते, तर नळी अडली आहे. पिशवीतही येते आणि कळ येऊन बाजूनेही येते, तर मूत्राशय आकसतंय. ‘नळी बारीक पडली, जाड घाला’ हा आग्रह इथे हटकून धरला जातो आणि तो चुकीचा आहे. जाड नळीने आकसणं वाढतं, मार्ग रुंदावतो आणि गळती आणखी वाढते. ओढ काढा, पोट साफ करा. तरीही थांबलं नाही तर डॉक्टर मूत्राशय शांत करणारी गोळी देतात. त्यांतल्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ वाढतं आणि वयस्कर माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. असं दिसलं तर गोळी बदलून मागा.

संसर्ग कधी समजायचा

आत नळी असली की दररोज ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू दिसू लागतात. महिनाभरात ते जवळपास सगळ्यांच्याच लघवीत असतात. त्यामुळे रिपोर्टमध्ये पस सेल (पुवाच्या पेशी) भरपूर आणि कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) जंतू आले, एवढ्यावरून प्रतिजैविक घ्यायचं नसतं. नुसता वास किंवा गढूळपणा हेही पुरेसं कारण नाही. अशा औषधाने नळीवरचे जंतू मरत नाहीत, फक्त औषधाला दाद न देणारे उरतात. गरोदर बाई आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेला रुग्ण हे याला मुख्य अपवाद.

थंडी वाजून ताप (१००.४ अंश फॅरनहाइटच्या वर), पाठीत बरगड्यांखाली दुखणं, ओटीपोटात नवं दुखणं, वयस्कर माणसाचं अचानक असंबद्ध बोलणं किंवा गळून जाणं, असं काही झालं तर मात्र त्याच दिवशी दाखवा. कल्चरचा नमुना पिशवीतून काढलेला चालत नाही. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घेतात, औषध त्यानंतर सुरू करतात. जुन्या नळीतून घेतला तर रिपोर्टमध्ये नळीवरचेच जंतू येतात.

एखाद्या सकाळी पिशवी चक्क जांभळी झालेली दिसेल. लघवीतला एक पदार्थ जंतूंमुळे निळ्या आणि लाल रंगात बदलतो आणि ते रंग प्लॅस्टिकमध्ये उतरतात. बद्धकोष्ठ असलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध बायकांत हे जास्त दिसतं. दिसायला भयंकर, पण ताप वगैरे नसेल तर पिशवी बदलणं आणि पोट साफ करणं एवढंच करायचं. नळी बदलल्यावर दिवसभर गुलाबी लघवी चालते; घट्ट लाल रंग किंवा गुठळ्या आल्या तर थांबायचं नाही.

ताबडतोब निघायचे प्रसंग

भ्रमिष्ट रुग्णाने फुग्यासकट नळी ओढून काढली तर रक्त येतं. स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि निघा, नळी परत घालायचा प्रयत्न नको. अशा रुग्णाला विजार घालून नळी तिच्या आतून, नजरेआड नेली तर ओढणं कमी होतं. ओटीपोटाला भोक पाडून घातलेली नळी निसटली तर तासाभरात पोहोचा. ती वाट काही तासांतच मिटू लागते.

छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मणक्याला इजा झालेल्यांना नळी अडली की अचानक डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो आणि रक्तदाब धोकादायक चढतो. त्यांना सरळ उठून बसवा, कपडे सैल करा, नळीची मोड सोडवा आणि तेवढ्याने उतार पडला नाही तर रुग्णवाहिका बोलवा.

नळी काढायची वेळ

प्रत्येक भेटीत विचारा: नळीची अजून गरज आहे का? दिवसातून चार ते सहा वेळा स्वतः नळी घालून लगेच काढणं ज्यांना जमतं, त्यांना कायमच्या नळीपेक्षा ते बहुधा चांगलं. काढण्याआधी मूत्राशयाला ‘सवय लागावी’ म्हणून नळी चिमट्याने बंद-चालू करण्याची जुनी रीत आहे. तिचा फायदा सिद्ध झालेला नाही. घरी आपल्या मनाने तर मुळीच करू नका.

प्रोस्टेटमुळे अडलेल्यांना मूत्राशयाचं तोंड सैल करणारी टॅमसुलोसिनसारखी गोळी किमान दोन-तीन दिवस देऊन मग नळी काढून बघतात. या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून आधी कडेला बसून मग उभं राहायचं. नळी सकाळी काढून घ्या. नंतर नेहमीइतकंच पाणी प्या. लवकर लघवी व्हावी म्हणून तांब्यांवर तांबे रिचवले तर अशक्त मूत्राशय ताणलं जाऊन पुन्हा अडतं. दर वेळची लघवी मोजून लिहा. पहिले एक-दोन दिवस थोडी जळजळ, घाई आणि थेंब गळणं होतं. मात्र चार ते सहा तासांत लघवी झालीच नाही, किंवा ओटीपोट फुगून थेंब थेंबच येऊ लागली, तर अंधार पडायची वाट न बघता परत जा. सकाळी काढायची ती यासाठीच.